वळणावर थांबलेला एनॉक

कोल्टर्स बेंड, दक्षिण कॅरोलिना
१९ नोव्हेंबर १८७६

प्रिय जोसाया दादा,

देव तुला आणि वहिनीला सुखात ठेवो. तुझं कॅन्ससचं पत्र मिळालं. जमीन तुझ्या नावावर झाली, हे आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग कागद ओढून घेतला आणि तुझं नाव बोट ठेवून स्वतः वाचलं. गुलामीत पुस्तकाला हात लावला म्हणून चाबूक खाल्लेली बाई ती, साठीला आल्यावर अक्षरं शिकली!

रताळी यंदा बरी निघाली. माझी शाळा मात्र गोऱ्यांनी जाळली. चार-पाच मुलं घरी येतात, बाकीच्यांच्या आया पाठवायला घाबरतात. तुझे दाजी, अ‍ॅन्सल, आता जिल्हा मंडळावर नाहीत. आपल्याच लोकांनी निवडून दिलेल्या माणसाकडून गोऱ्यांनी बंदूक रोखून राजीनामा लिहून घेतला.

आपला धाकटा, एनॉक, का लिहीत नाही, असं तू विचारलंस. ते टाळायलाच मी रताळ्यांचं लिहीत बसले.

दादा, आपला एनॉक गेला.

सात तारखेला मतदान होतं. आदल्या दिवशी घोड्यावरून गोरे आले. "अ‍ॅन्सल उद्या मतपेटीपाशी दिसला, तर तू विधवा झालीस म्हणून समज," असं मला सांगून गेले. मी कोणाला बोलले नाही. संध्याकाळी एनॉक हसत आला. "दाजी, उद्या नवरदेवासारखे नटून या! मी ओढ्याच्या वळणावर थांबतो. दोघं बरोबरच जाऊ." अ‍ॅन्सलनी येतो म्हणून शब्द दिला.

सकाळी अ‍ॅन्सल मका काढायला कोठारात गेले. मी बाहेरून अडसर घातला.

"केझाया, दार उघड! पोरगा वाट बघत असेल."

"बघू दे. कंटाळून परत जाईल."

तो परतला नाही. येणारे-जाणारे सांगतात, "चल आमच्याबरोबर" म्हटलं, तर म्हणाला, "दाजी येतील. शब्द दिलाय त्यांनी." तीन तास एकटाच उभा होता. घोडेस्वारांना तो तिथेच सापडला. पाठीत दोन गोळ्या होत्या.

गोळ्यांचा आवाज आला तेव्हा मी दाराला पाठ लावून बसले होते. आतून अ‍ॅन्सल हातांनी फळ्या तोडत होते.

लोक त्यांना भेकड म्हणतात. आज चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसलं नाही. आईसुद्धा त्यांच्याशी बोलत नाही. ते मान खाली घालून ऐकून घेतात, माझं नाव घेत नाहीत. माझ्याशीही जेवणापुरतंच बोलतात. एकदाच म्हणाले, "मला वाचवलंस खरं. पण कशासाठी?"

पुढच्या रविवारी प्रार्थना संपली की मी सगळ्यांपुढे उभी राहून खरं सांगणार आहे. त्याआधी, उद्या, आईला सांगेन. आणि सगळ्यांच्या आधी तुला, कारण लहानपणी तुला विकून नेताना एनॉकचा हात तू माझ्या हातात दिला होतास.

मला क्षमा कर, असं लिहिणार नाही. अ‍ॅन्सल आज जिवंत आहेत, याचा मला अजूनही आनंद होतो.

बहीण म्हणवून घ्यायची हिंमत नसलेली,
केझाया