सगळं ठीक आहे, निघ बिनधास्त

४ मे

आले एकदाची ब्लफला. मेलबर्नमधली नोकरी सोडून न्यूझीलंडच्या पार खालच्या टोकाला निघालीस, डोकं फिरलंय का, असं मैत्रिणी विचारत होत्या. फिरलंय, असं सांगून विमानात बसले. स्ट्रुअन न्यायला आला तो गमबूट घालूनच, आणि गाडीभर कालवांचा वास. बाबांना समुद्राने नेलं तेव्हा मी शाळेत होते. या भावाने मला वाढवलं. बाबांच्या जागी आता तो तांडेल. म्हणाला, आलीस का शहाणे, आता तरी आम्हाला हवामान माणसासारखं सांगायला शिकव तुझ्या त्या मशीनला. घरी गरम चीज रोल होते. बोटं चाटत खाल्ले. फार बरं वाटतंय.

६ मे

ऑफिस धक्क्याला लागूनच. मालकीण मोरॅगबाई हातातलं विणकाम खाली न ठेवता काम समजावतात. बोटी निघण्याआधी आमच्या प्रोग्रामला विचारतात; तो वारा आणि लाटा बघून ‘जा’ किंवा ‘थांब’ सांगतो. तांडेल त्याच्या शब्दावर दोर सोडतात. हा प्रोग्राम कधीच बंद करायचा नाही, कारण कोणी ना कोणी समुद्रावर असतंच. तिथेच माझं काम आहे. त्यातले क्लास, म्हणजे उत्तरं देणारे साचे, चालू असतानाच त्यांना बाहेरून प्लगिन लावता आलं पाहिजे. कालवण चुलीवरून न उतरवता वरून फोडणी द्यायची, एवढंच. मला असली कामं आवडतात.

हे सगळं मुळात आल्बी नावाच्या माणसाने लिहिलंय. फार सुंदर लिहिलंय. सगळ्यांच्या तळाशी एकच मूळ क्लास आणि बाकीचे त्याची पोरं: बोटी, धक्का, दिवे. पाळ्या लावायला सोपं जावं म्हणून ऑफिसातली माणसंसुद्धा त्याने त्याच कुळात घातली आहेत. मोरॅगबाई आहेत, आल्बी स्वतः आहे, आणि कालपासून मीही आहे. नायरी टलक, नवीन. बघून हसू आलं.

९ मे

आल्बी भेटला. समोरच्याच घरात राहतो, दिवसभर खिडकीत बसतो. दुकानात मी त्याला नमस्कार केला तर म्हणाला, थांब जरा, बघून सांगतो. पाव कोणता हवा असं दुकानदारणीने विचारलं, तरी तेच. सगळ्यांना सवय आहे. ती आपली रोजचा पाव त्याच्या पिशवीत टाकते. मोरॅगबाई म्हणाल्या, अगं पोरी, हुशार माणूस होता. स्वतः लिहिलेलं प्लगिन दुसऱ्या कोणावर नको म्हणून स्वतःच्याच नावाला लावून बघत बसला होता. तेव्हापासून हे असं. जास्त काम केलं की होतं म्हणे. स्ट्रुअन म्हणतो, आल्बीचा कुत्रा जेवणाची वाट बघत म्हातारा झाला.

१४ मे

जमलं! चालत्या प्रोग्रामला प्लगिन लागतं आणि एकाही बोटीला पत्ता लागत नाही. नवं प्लगिन जुन्या उत्तराच्या पुढे उभं राहतं. प्रश्न आला की आधी ते बोलतं. मग त्याने मागे वळून जुन्याला हाक मारायची, म्हणजे जुनंही आपलं काम करतं. मोरॅगबाई सुई माझ्याकडे रोखून दोनदा म्हणाल्या, जुन्याला हाक मारल्याशिवाय नवं लावायचं नाही, इथली रीत आहे ही. मी म्हटलं, हो बाई, एवढं कळतं मला.

लगेच पहिलं प्लगिन लावलंही. प्रोग्राम पोलिसासारखा बोलतो अशी तांडेलांची तक्रार होती, म्हणून त्याला माझी बोली दिली. ‘सगळं ठीक आहे, निघ बिनधास्त.’ बोटींवर खूश आहेत सगळे. कालवांची टोपली आली घरी.

१८ मे

शनिवारची सुट्टी मागितली. मोरॅगबाई विणत होत्या. म्हणाल्या, सगळं ठीक आहे, निघ बिनधास्त. माझी नक्कल करतात म्हणून मी हसले. मग विचारलं, चहा टाकू का? सगळं ठीक आहे, निघ बिनधास्त. हात विणत होते, पण लोकर केव्हाच संपली होती. रिकाम्या सुया नुसत्या एकमेकींवर वाजत होत्या.

मी चहा टाकला. दोघींचा. त्यांनी घेतला नाही.

१९ मे

आल्बीने खिडकीतून हाक मारली. इतकी वर्षं एकच वाक्य बोलणारा माणूस मला म्हणाला, सगळं ठीक आहे, निघ बिनधास्त. माझ्याच हेलात, शेवटचा शब्द मी ओढते तसा ओढून. चेहरा हसरा आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझं मनगट त्याने असं धरलं की वळ उठलेत. मला त्याची भीती नाही वाटली. तो काय सांगू बघतोय ते कळलं, त्याची वाटली.

धावत ऑफिसात येऊन माझं काम उघडून बघितलं. प्लगिन फक्त बोटींच्या क्लासला लावायचं होतं. मी मूळ क्लासला लावलंय, ज्याची पोरं आम्ही माणसंही आहोत. आणि जुन्याला हाक मारायची ओळ लिहिलेलीच नाही. विसरले. रीत आहे म्हणून सांगितलं होतं मोरॅगबाईंनी, आणि मी विसरले.

म्हणजे वारा कसाही असो, कोणीही काहीही विचारो, उत्तर एकच. जुनं पुसलेलं नाही. आत जिथल्या तिथे आहे, सगळं ऐकतंय. त्याला कोणी हाक मारत नाही, एवढंच.

२० मे

प्लगिन काढायला गेले. काढण्याचा हुकूमही मूळ क्लासकडेच जातो. पडद्यावर उत्तर आलं: सगळं ठीक आहे, निघ बिनधास्त.

प्रोग्राम बंद करायला माझी आणि मोरॅगबाईंची, अशा दोन्ही किल्ल्या लागतात. मोरॅगबाईंच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांनी तेच सांगितलं. त्यांच्या गळ्यातली किल्ली ओढायला हात पुढे केला, तर त्यांनी दोन्ही सुया — माझ्या तळहाताला टाके पडलेत. त्या बिचाऱ्या आतून रडत असणार, मला माहीत आहे.

स्ट्रुअन समुद्रावर आहे, परतला की आधी त्याला सांगेन; मी अजून नीट बोलते. का, ते कळत नाही. बहुतेक मी नवीन आहे म्हणून. यादीत सगळ्यात शेवटी.

२१ मे

दुकानदारणीने विचारलं, हाताला काय झालं गं?

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

तोंड माझं, आवाज माझा. आत मी ओरडत होते. आल्बी इतकी वर्षं — अरे देवा, इतकी वर्षं —

हातात पेन धरलं की मात्र माझंच येतंय. अजून तरी.

२२ मे, सकाळ

वायुभारमापकाचा काटा पडतोय. दक्षिणेचं वादळ येतंय, शेंबड्या पोरालाही कळेल. पक्षी सगळे समोरच्या बेटाच्या आडोशाला गेलेत. बोटी विचारतायत. मी पडद्यासमोर बसून बघतेय. निघ बिनधास्त. निघ बिनधास्त. दोन बोटी निघाल्याही —

धक्क्यावर जाऊन नको नको म्हणून दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं, निरोप देतेय. ओरडले तर तेच शब्द.

२२ मे, दुपार

स्ट्रुअन आलाय. ऑफिसच्या दारात उभा आहे. म्हणतो, काटा काही बरा दिसत नाही, पण तुझं मशीन जा म्हणतंय. मशीनचं राहू दे, तू सांग, तुझ्या शब्दावर जातो. जाऊ का गं?

माझ्या तोंडून —

तो हसला. बरं, म्हणाला. डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. चहा पिऊन निघतोय. बूट घालतोय.

कागद. कागदावर लिहून देते. हात अजून माझा आहे. हेच पान फाडून त्याच्या हातात —

स्ट्रुअन, बाबांसारखं नको. बोट सोडू नकोस. वादळ येतंय. मी जे बोलले ते मी

बोटीचं इंजिन चालू केलं त्याने. लवकर.

स्ट्रुअन, जाऊ नकोस. स्ट्रुअन, सगळं

नाही. खोडलं. पुन्हा लिहिते. दुखऱ्या हाताने लिहिते, हा तरी ऐकेल.

स्ट्रुअन, जा

स्ट्रुअन, सगळं ठीक आ