लाल बटण

४ मार्च
चारचौघांत तिला बोललो. "जोडच कच्चा असेल तर बटण काय डोंबल चालणार!"

आम्ही बनवतो ते कपड्यांच्या इस्त्रीचं प्रेस चाचणीत खाली आलं नि दाबतच राहिलं. मशीन जोडणारे काका थांबवायचं लाल बटण दाबून दाबून थकले. आत चिंधी होती म्हणून बरं. बटणाची वायर तिने सोल्डर केलेली, प्रोग्राम माझा. तिचं नाक लाल. आणि मी — तिच्या यायच्या वेळी रोज दारापाशी उगाच स्क्रू शोधणारा!

५ मार्च
मालक म्हणाले, "तोफखाना, आधी स्वतःचा प्रोग्राम बघ." त्यांच्या तोंडावर मारायला म्हणून असेंब्ली कोड उघडला — कंपायलरने माझ्या प्रोग्रामचं चिपच्या भाषेत केलेलं भाषांतर. कॉलेजात हेच तास बुडवायचो. पुढे सरांशी भांडून कॉलेजच सोडलं.

बोट ठेवून वाचलं. मी लिहिलं होतं — प्रत्येक फेरीत बघ, बटण दाबलंय का. इथे ते एकदाच बघितलंय, फेरी सुरू व्हायच्या आधी! मग नुसतं गोल गोल. प्रोग्राम चिपमध्ये मावेना म्हणून मीच कंपायलरला काटछाट करायला लावलं होतं. बटणाची खूण मध्येच बदलू शकते, हे 'व्होलाटाइल' लिहून सांगावं लागतं. राहिलं. कंपायलरने आपलं डोकं चालवलं — बदलतच नाही, तर पुन्हा बघायचं कशाला? आणि काटछाटीनंतर बटण दाबून बघायचं, तेही मी केलं नाही. आधी चालत होतं ना!

तिचा जोड पक्का होता.

६ मार्च
तो शब्द घातला, गुपचूप चिप बदलली. बटण दाबताच प्रेस थांबलं. पण सकाळीच तिने वायर पुन्हा सोल्डर केली होती!

"तुझंच खरं निघालं रे. सॉरी," म्हणाली.

"असू दे," म्हणालो. असू दे! जीभ कशी झडली नाही माझी?

७ मार्च
सांगायचंच म्हणून गेलो. ती हसली. एक स्क्रू मागून परत आलो. भित्रा कुठला!

८ मार्च
"आईची मजा आहे," ती काकांना सांगत होती. "तिच्या लाँड्रीत मागच्या आठवड्यात आपलंच प्रेस गेलं. म्हटलं, हात अडकला तर घाबरू नको, लाल बटण दाब."

त्यात माझी ती काटछाटीचीच चिप!

"फोन कर, प्लग काढायला सांग!" ओरडलो. फोन कुणी उचलेना. दोघं धावतच सुटलो.

लाँड्रीच्या पायरीवर बसून लिहितोय. प्लग काढलाय. आईचे हात शाबूत आहेत. आतून तिचा आवाज येतोय — "माझाच जोड कच्चा राहिला असणार गं, आई."

चाललो आत.