विहीर कोरडी सांगितल्याबद्दल

आणि मी त्या गोऱ्या साहेबाचा पट्टा मागून धरला. तो विहिरीत पडू नये म्हणून नव्हे; त्याला पाणी दिसू नये म्हणून. तेवढ्यात लाइट आली, ऑटोस्विचनं मोटार चालू केली आणि पाइपनं थेट त्याच्या बुटांवर पाणी सोडलं.

दाजी, नमस्कार राहिलाच. तुम्हाला आणि अक्काला. तुमचे गुडघे आता कसे आहेत? (फोन केला असता, पण हल्ली कोण कोण ऐकतं, सांगता येत नाही.)

साहेब कुठल्याशा थंड देशातला. उमरग्याच्या हायवेलगत कारखाना काढावा का, हे ठरवण्यासाठी तो आमच्या भागाची परिस्थिती तपासत होता. असं भुवनेश्वरीबाई म्हणाल्या. त्या हैदराबादच्या, त्याचं बोलणं आम्हाला सांगायला आलेल्या. मला पटलं नाही. आमच्या दारात कागद घेऊन आलेल्या माणसानं आजवर काही दिलेलं नाही. रेशन मात्र एकदा बंद केलं. म्हणून रिवाजाप्रमाणं सांगितलं: जमीन तीन एकर (आहे नऊ), विहीर होळीपासून कोरडी, लाइट दिवसाला दोन तास, भावाशी कोर्टात भांडण. गावात बाहेरचा माणूस टिकतो का, असं साहेबानं विचारलं. म्हटलं, गावातलाच टिकत नाही. बाई सगळं लिहून घेत होत्या.

त्यांचा ड्रायव्हर वट्ट्यावर बसून ऐकत होता. पांढरा शर्ट, टोपी. त्याला मी चहा दिला, तोही बिनदुधाचा (गरिबी खरी वाटावी म्हणून). कप खाली ठेवून तो म्हणाला, "मी नळदुर्गचा कल्याणप्पा. पोराचा चुलता."

दाजी, आमच्या पोरीचं, हर्षालीचं, हे स्थळ तुम्ही आणलेलं. चुलते न कळवता घर बघायला येतात, हे तुम्ही सांगितलं नाही. (का सांगितलं नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.) मी म्हटलं, "पाव्हणं, हे त्या गोऱ्यासाठी व्हतं. आपल्यासाठी येगळं हाय."

"व्हय, दिसतंय की," ते म्हणाले. "माणूस बघून विहीर आटती तुमची."

आपल्या मोटारसायकलवर बसून गेलेसुद्धा (ड्रायव्हर मीच समजलो होतो). मग साहेब म्हणाला, कोरडी विहीर दाखवा. पुढचं वर लिहिलं आहे. बूट भिजल्यावर तो हसला. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

हर्षालीला मुलगा पसंत आहे. तसं ती म्हणाली नाही. पण स्थळ आल्यापासून आठ दिवस ती माझ्याशी भांडली नव्हती. काल भांडली.

तुमचा,
माणिकप्पा

ता. क. कल्याणप्पांना एवढंच सांगा, की विहिरीला पाणी आहे.

ता. क. दुसरा. जमीनही नऊ एकर सांगा. लेखी मात्र देऊ नका.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी कल्याणप्पा परत आले. घरात न येता विहिरीवर गेले, दोरीला दगड बांधून आत सोडला. चार परस (चार माणसं एकावर एक बुडतील एवढं) पाणी भरलं. म्हणाले, "कागदवाला आला की आमचीबी कोरडीच असती." सुपारी सोमवारी फोडायची ठरली. त्यांची विहीर ते काठोकाठ भरलेली सांगतात. ते जाताना मी त्यांची दोरी मागून ठेवून घेतली. नळदुर्गला जाईन तेव्हा लागेल.