दारावरची थाप

प्रिय म्हणवत नाही, तरी प्रिय,

तुझ्या माहितीपटाला बक्षीस मिळालं. बेपत्ता दादाची वाट पाहणारी माझी आई थाप ऐकून दाराकडे धावते, तिथे सगळं थिएटर रडतं म्हणे. ती थाप तूच मारली होतीस, हे सांगितलंस का त्यांना? "काकू, दादाच आलाय असं समजा हं!" तुझ्या प्रेमापायी कॉलेज सोडलेला मी, तेव्हा तोंड कसलं उघडतोय!

आई अजून तसंच समजते. दूधवाला आला तरी धावते, मग माझ्यावर खेकसते, "कडी कशाला लावतोस रे? तो परत जाईल ना!"

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर कॅमेरा घेऊन येशील, आणि मी गाढव तुला आत घेईन.

तुझाच, च्यायला