धुराचं पीप आणि माझी गाठ

१२ जानेवारी, सकाळ
२६ जानेवारीच्या स्पर्धेत आमच्या मुर्री गावचा चित्ररथ यंदा माझ्याकडे! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर युद्धातली नौदलाची बोट. गावात समुद्रावर नोकरी केलेला मी एकटाच. पंधरा वर्षं. (बोटीच्या किचनमध्ये. पण बोट तीच ना!) नात खुशीने शाळेत सांगून टाकलं, आबाजींनी युद्धात धूर सोडून बोट लपवली. मी तसं म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

१५ जानेवारी
स्मोक फ्लोट, म्हणजे धुराचं तरंगतं पीप, बोटीच्या मागे बांधतात. शत्रू दिसला की पेटवून पाण्यात ढकलायचं, बोट धुराआड. नियम एकच: हलू नये, पण एका झटक्यात सुटावं. सोप्पं. पीप म्हणून ऑइलचा डबा मिळाला, धुरासाठी कोंडा राईस मिलमधून आणला.

१९ जानेवारी
ट्रायल. ट्रॅक्टरवाल्या बिसरामने मुद्दाम गचके दिले. पीप सुटून गडगडत थेट बायकोच्या, शामकलाच्या, वाळत घातलेल्या वड्यांवर. घरात अबोला. बिसराम म्हणे, काकाजी, नेव्हीत तुमी काय करून राहिले होते? म्हटलं, काही गोष्टी गोपनीय असतात.

२३ जानेवारी
नवी गाठ. नेव्हीची नाही, माझी स्वतःची. चार पदरी नायलॉन. पीप तसूभर हलत नाही. सुटतही नाही. उद्या पाहू.

२५ जानेवारी, संध्याकाळ
अजून सुटत नाही. टेन्शन नाही, ऐनवेळी सुटते. धूर कमी पडेल म्हणून शामकलाने न विचारता डब्यात कडुनिंबाचा पाला कोंबला. खुशीने माझी पांढरी टोपी इस्त्री केली.

२६ जानेवारी, दुपार
स्टेजसमोर पेटवलं. धूर झकास! ढकलायला गेलो तर नायलॉन वितळून गाठ आणखीच चिकटलेली. बोट दिसेना, ट्रॅक्टर दिसेना, मी मला दिसेना. पाहुणे खोकत पळाले. मी सलाम ठोकला. कोणाला, देव जाणे. खुशी आबाजी, आबाजी ओरडत होती. शेवटी बिसरामने विळ्याने दोर कापला.
तरी बोट लपली. हे कोणी बोलत नाही.

२७ जानेवारी
पहिला नंबर! पेपरात फोटोही. फोटोत नुसता धूर. खाली छापलंय: मुर्रीचा 'डास निर्मूलन' चित्ररथ, कडुनिंबाच्या वापराचं विशेष कौतुक. शामकला हसून हसून खाली बसली.
खुशीने हळूच विचारलं, आबाजी, नेव्हीत तुम्ही डास मारत होते का? आज खरं सांगायचंच ठरवलं होतं, मी पोळ्या लाटत होतो म्हणून. तोंड उघडलं आणि हो म्हटलं.