पुस्तकात आहे, पडद्यावर नाही

प्रिय ठकू,

तू इकडे यायचं तिकीट काढल्याचं कळलं. लगेच उत्तर द्यायला हवं होतं, पण फोनवर मी धड काही सांगत नाही हे तुलाही ठाऊक आहे. "सगळं ठीक" म्हणते आणि मोकळी होते. म्हणून आज तास संपल्यावर विभागातच बसून लिहितेय. घरी कागद पुढे ओढला की तुझे बाबा विचारतात, कुणाला लिहितेस, आणि मग माझा हातच चालत नाही.

आधी इथलं सांगते. माझा 'कादंबरी आणि सिनेमा' हा पेपर पुढच्या वर्षापासून बंद. विभागप्रमुख फार गोड बोलले. माणूस कुणाला काढायचं असलं की फार गोड बोलतो. मी भांडले नाही. वर्गात मुलं मूठभर, त्यातला एक दिवे मालवले रे मालवले की घोरायला लागतो. खिडकीचा काळा पडदा खालून फाटलाय, त्यातून उन्हाची तिरीप बरोबर नायिकेच्या तोंडावर पडते. मी दर वेळी साडीची पिन काढून तो पडदा जोडते आणि तास संपेपर्यंत पदर सावरत उभी राहते. असो. शेवटचंच वर्ष म्हणून मुलांनी हट्ट धरला, बाबांची कादंबरी आणि लंबूने तिच्यावरून काढलेला सिनेमा शिकवा. इतकी वर्षं टाळलं होतं, घरचं धुणं वर्गात कशाला वाळत घालायचं म्हणून. या वेळी हो म्हटलं.

आता तुला माहीत असलेलंच थोडं पुन्हा लिहिते, कारण क्रमाने गेले नाही तर पुढचं माझ्याकडून सांगून व्हायचं नाही. दादा शिक्षण सोडतो म्हणाला, बाबांशी कडाडून भांडला, मोटरसायकल काढून गेला, आणि हमरस्त्यावरच्या अपघातातून परत आलाच नाही. तू तेव्हा शाळेत होतीस. बाबा वर्षभर कुणाशी बोलले नाहीत, मग एकदम लिहायलाच बसले. कादंबरीत त्यांनी काही लपवलं नाही. बाप तसाच तापट, आई माझ्यासारखीच गप्प बसणारी, मुलगा जातो तो जातोच. आणि शेवटच्या प्रकरणात धाकटी मुलगी भावाचं ताट वाढते, सगळे बघत राहतात. ते तू खरंच केलं होतंस. बाबांनी तुला न विचारता लिहिलं म्हणून तू रुसली होतीस, आठवतं?

मग लंबू आला. माझ्या हाताखाली शिकलेला, दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेणारा, तुझी वेताची खुर्ची बळकावून बसणारा आपला लंबू. मी वर्गात जे शिकवते तेच त्याने आमच्या दिवाणखान्यात बसून मलाच ऐकवलं: कादंबरीत माणसांना ऐसपैस जागा असते, दोन तासांत कुणाला तरी बाहेर काढावंच लागतं. आणि निर्माता म्हणतो, लोक रडत घरी जायला तिकीट काढत नाहीत, तेव्हा मुलगा परत यायला हवा.  मला वाटलं, बाबा त्याला हाकलून देतील. पण बाबा म्हणाले, "येऊ दे. निदान तिथे तरी येऊ दे त्याला." दुसरीही गोष्ट त्यांनी ऐकली, धाकटी मुलगी कथेतून काढायची होती ती. त्यावर तर ते हसून म्हणाले, "बरं करतोयस. या सगळ्यातून ती तरी सुटली." तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल मायाच होती, ठकू, बाकी काही नव्हतं.

सिनेमा बरा चालला. शेवट तू पाहिलायस: संध्याकाळ, दार ढकललेलं, मुलगा आत येऊन बूट काढतो आणि बाप नुसतं म्हणतो, "हात धू." थिएटरात बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

मुलांना मी पहिल्या तासाला सांगत आले की सिनेमा पुस्तकाला खाऊन टाकत नाही, पुस्तक फळीवर जसंच्या तसं असतं. परवा पहिल्या बाकावरची एक बोलकी मुलगी म्हणाली, "मॅडम, पण सिनेमा पाहून पुस्तक उघडलं की आतली माणसं नटांचेच चेहरे घेऊन बोलतात. मग जसंच्या तसं राहिलं कुठं?" एरवी याला माझ्याकडे तयार उत्तर असतं.  या वेळी मी प्रोजेक्टर बंद केला आणि आज इथंच थांबू म्हणाले.

कारण घरी वेगळंच चाललंय. बाबांचा विसराळूपणा म्हणून मी तुला जे सांगत होते, ते त्याच्या फार पुढे गेलंय. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या गोष्टी दाखवत राहा. दुपारी सोबतीला येणाऱ्या बाईंनी सिनेमा लावून दिला, बाबा शांत बसले, म्हणून त्या रोजच लावायला लागल्या. मी विद्यापीठातून येईपर्यंत तो संपत आलेला असे. हळूहळू संध्याकाळी बाबा दाराची कडी काढून ठेवायला लागले. विचारलं तर म्हणाले, "पोरगं येईल ना आता." सुरुवातीला मी खरं सांगितलं. ते नव्याने ऐकल्यासारखे ढसाढसा रडले, आणि जेवण होईतो विसरलेही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज उठून आपल्याच लेकाची बातमी त्यांना किती वेळा द्यायची? आता मी "येईल" म्हणते.

सिनेमा बंद करून पाहिला, ते घरभर येरझारा घालायला लागले. कादंबरी वाचून दाखवली, त्यांचीच. मन लावून ऐकली हो, अगदी परीक्षकासारखी मान हलवत. संपल्यावर म्हणाले, "लिहितो बरा, पण शेवट चुकलाय. मुलगा घरी येतो." मला हसू फुटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. डॉक्टरांना विचारलं, यातून काही परत येईल का. त्यांनी चष्मा पुसला, तेवढ्यावरून मला कळलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू फोन करतेस तेव्हा बाबा झोपलेले असतात असं मी सांगते, ते खोटं आहे. शेजारीच बसलेले असतात. पहिल्यांदा फोन त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी अदबीने ऐकून घेतलं आणि बोलायच्या आधीच मला परत दिला, "तुझ्यासाठी आहे" म्हणून. कपाटावरच्या फोटोकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ही मुलगी कोण. मी म्हटलं, आपली ठकू. ते माझ्यावर उखडले नाहीत, उलट माझीच कीव आल्यासारखे समजावत म्हणाले, "अगं, आपल्याला एकच मुलगा." मी चारदा सांगून पाहिलं, लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, तुझा शाळेतला स्वेटर दाखवला. शेवटी ते इतके घाबरले की मी फोटो आतल्या खोलीत नेऊन ठेवला. तू लिहिलंस, "मला समोर बघितलं की ओळखतील." नाही गं बाळा, नाही ओळखायचे. हे तुला दारात उभं राहून कळू नये, बॅग हातात असताना. तू ये, जरूर ये, मला तुझी फार गरज आहे. पण आल्या आल्या त्यांना बाबा म्हणू नकोस. कुणाची कोण म्हणून विचारतील, तेव्हा मॅडमची विद्यार्थिनी आहे म्हण. माझ्या विद्यार्थ्यांशी ते अजून फार छान बोलतात, बसायला खुर्ची देतात, काय शिकतेस म्हणून आपणहून चौकशी करतात. तेवढं तरी तुला मिळेल.

तुझीच,
आई