बंद दारापलीकडचं गाव आणि माझी गुप्त दलदल

२६ जुलै, सकाळ

फिलोमिना, उद्या हे ऐकणारी तूच आहेस, म्हणून तोंडावर सांगते: तू विसराळू आहेस. काल चष्मा लोण्याच्या भांड्यात सापडला आणि तू मांजरावर आळ घेतलास. म्हणून ही रोजनिशी. मी बोलायचं, टॅबलेटने लिहून ठेवायचं आणि मलाच वाचून दाखवायचं. अक्षरं मी शिकले नाही. शिकायच्या वयात धक्क्यावर कॉड मासे वाळत घालत होते. त्यावाचून काही अडलं नाही.

एकदम खाजगी. कुणी ऐकणार नाही.

संकल्प: गेम रोज एकच तास.

२६ जुलै, संध्याकाळ

एक तास झाला. मग दुसरा एक तास झाला. प्रत्येक वेळी एकच.

२७ जुलै

कालचा संकल्प स्थगित. कारण मोठं आहे.

मला नॅन म्हणणारी नात जॅनेल कामाला अल्बर्टात गेली, जाताना हा गेम माझ्या गळ्यात घालून गेली. आता आमच्या खाडीतली निम्मी म्हातारी माणसं तो खेळतात. डोक्याला हेडफोन, तोंडासमोर माइक, आणि घोड्यावर बसून एकमेकांची उणीदुणी काढायची. गेममध्ये कुठेही जाता येतं. फक्त उत्तरेचं लोखंडी दार कायमचं बंद. कड्यावर चढलं की पलीकडचं गाव दिसतं. धक्का, लाकडी घरं, एका घरात दिवा. दिवा आहे म्हणजे कुणीतरी घरात आहे, केटल चढवलेली आहे. आणि आपल्याला आत घेत नाहीत! आमच्याकडे दार ठोठावायचीही पद्धत नाही, सरळ स्वयंपाकघरात शिरायचं.

शेजारचा अँब्रोज म्हणाला, मेना, ते नुसतं लांबून बघायला ठेवलंय, तिथे कुणाला जाता येत नाही. मी म्हटलं, मी जाणार, चर्चच्या गार्डन पार्टीच्या आधी. गेलीस तर मी सगळ्यांसमोर तुला मानीन आणि हिवाळाभर तुझी लाकडं फोडीन, म्हणाला. आणि नाही गेलीस तर? मी ताठ मानेने बोलून गेले: तर तुला माझी दलदल दाखवीन.

इथे माणूस मृत्युपत्र दाखवेल, पण आपल्या बेकॲपलची जागा दाखवणार नाही. दलदलीतली नारिंगी फळं, वर्षातून एकदाच. जागा आईने मला दाखवली. मी जॅनेललासुद्धा अजून नाही.

काळजी नाही. हरायचं कुठे आहे?

३० जुलै

युक्ती कळली. घोडा भिंतीला अगदी चिकटवून उभा करायचा आणि भिंतीच्या बाजूनेच उतरायचं. उतरलेल्या माणसाला गेमला कुठेतरी ठेवावंच लागतं, कधी कधी तो पलीकडे ठेवतो.

मला जमिनीच्या खाली ठेवलं. वर समुद्राचा तळ छतासारखा, त्याच्यावर अँब्रोजच्या घोड्याचे खूर. मग सगळं काळं, आणि मी पडतेच आहे, पडतेच आहे. चहा करून आले तरी पडतच होते.

हे अपयश नव्हे, पाहणी. अँब्रोज हसला. ओल्या कॉडसारखं तोंड आहे मेल्याचं.

१ ऑगस्ट

विचित्र. अँब्रोजने गेममध्ये भेटल्या भेटल्या विचारलं, मेना, ओल्या कॉडचं तोंड कसं असतं गं? मनकवडा झालाय का हा? की खिडकीतून बघतो? पडदे ओढून घेतले.

हेडफोनचं मी पहिल्यापासून सांभाळते. त्याला बारीक दिवा आहे, बटण दाबलं की लाल होतो. विजेच्या शेगडीचा लाल दिवा म्हणजे चालू, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. खेळताना दिव्याकडे कोण बघतं? पण रोजनिशी बोलताना मागे गेम चालूच असतो, म्हणून दिवा लाल नाही ना, ते आधी बघते. जॅनेल म्हणते नॅन, तुला यंत्रातलं कळत नाही. बघ म्हणावं.

४ ऑगस्ट

सकाळपासून घोडा भिंतीला घासतेय. एकदा झाडात अडकले. एकदा घोडा पलीकडे गेला, मी अलीकडेच. घोडा दिव्यापाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. माझा घोडा पोचला, म्हणजे निम्मी पैज जिंकलीच. अँब्रोजला मान्य नाही. खोटारडा.

गुडघा दुखतो. कुणाला सांगितलेलं नाही.

५ ऑगस्ट

अँब्रोजने विचारलं, गुडघा कसा आहे? आता पडद्यांना पिनाही लावल्यात.

६ ऑगस्ट

बेकॲपल पिकायला आली असतील. गेल्या वर्षी मी स्वतःच वाट चुकले होते, म्हणून फिलोमिना, नीट ऐकून ठेव. भिंतींना कान असतील म्हणून मी हळू बोलतेय, माइकची दांडीही तोंडाला टेकलीय इतकी पुढे वाकलेय. जुन्या दीपगृहाच्या वाटेने जायचं. फुटक्या होडीपाशी वाट सोडायची. ओढा उजव्या हाताला ठेवायचा. दोन खडक एकमेकांवर रेललेत, त्यांच्यामधून आत. पुढे सगळं नारिंगी.

आजच गेले असते, पण आधी दार. दलदल कुठे पळून जातेय?

११ ऑगस्ट

गेले! पलीकडे गेले!

घोडा तिरका लावला, उतरले, आणि पाय धक्क्यावर. कड्यावरून सगळे ओरडत होते, मेना दिसतेय, मेना दिव्यापाशी दिसतेय! अँब्रोज तेवढा नव्हता. तीन दिवस खेळायला आलेला नाही. हार बघवली नसेल बिचाऱ्याला.

गावाचं सांगायचं तर घरांना पुढची बाजू आहे, मागची नाही. दारं रंगवलेली. दिवा खिडकीत नाहीच, हवेतच टांगलाय. केटल नाही. माणूस नाही. तरी मी हाक मारली, कुणी आहे का? परक्या गावात बरं दिसत नाही न विचारता शिरलेलं.

परत यायची वाट सापडत नाही. यायचंच नव्हतं मला.

१३ ऑगस्ट

सकाळी बादली घेऊन दलदलीत गेले. नुसते देठ. एक फळ नाही. चिखलात रबरी बुटांचे मोठे ठसे. अस्वल असणार.

दुपारी गार्डन पार्टी. अँब्रोजने शब्द पाळला. खुर्चीवर उभा राहून म्हणाला, मेनासारखा खेळाडू या खाडीत नाही. टाळ्या. त्याच्या पुढ्यात टेबलभर बेकॲपलचा जॅम. कुठली रे एवढी फळं, विचारलं. म्हणाला, दोन खडक भेटले, एकमेकांवर रेललेले.

१४ ऑगस्ट

जॅनेलला फोन केला. आधी ती बोलेचना, नुसती हसत होती. मग म्हणाली, नॅन, हेडफोनचा लाल दिवा म्हणजे माइक बंद. हिरवा म्हणजे चालू. म्हणजे खाडीतली निम्मी माणसं रोज चहा घेऊन माझी रोजनिशी ऐकत होती. कुजबुजलेला भाग तर फार छान ऐकू आला म्हणे.

मला हे सुरुवातीपासून माहीत होतं. मुद्दाम बोलत होते.

नव्हतं माहीत.

अजून त्या रिकाम्या गावातच उभी आहे आणि दिवा हिरवाच ठेवलाय. अँब्रोज, ऐकतोयस ना मेल्या? ती जागा माझ्या आईची आहे. पुढच्या वर्षी अर्धी दलदल सोड, जॅनेलला दाखवायची आहे. लाकडं सोमवारपासून फोड, बारीक. आणि आज संध्याकाळी जॅमच्या तीन बाटल्या पाठव, एक ताजा पाव आणि डब्यातली घट्ट मलई. पातळ पाठवलीस तर परत पाठवीन.